शेजाऱ्याकडे फुल फायबर, आपल्याच घराला नाही: घोडं कुठं पेंड खातंय ते कसं शोधायचं?

(ब्रिटनमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी)

आमच्या गल्लीत फुल फायबर, म्हणजे थेट घरापर्यंत काचेच्या तारेने येणारं इंटरनेट, आलं तेव्हा घरोघरी पत्रकं पडली. आमच्याही दारात पडलं. त्याच संध्याकाळी मी पोस्टकोड टाकला, यादीतून घर निवडलं आणि उत्तर आलं: तुमच्या पत्त्यावर ही सेवा उपलब्ध नाही. डावीकडच्या घराला होती, उजवीकडच्या घराला होती, समोरच्या ओळीत तर सगळ्यांनाच होती. मधलं आमचं घर तेवढं वाळीत टाकल्यासारखं.

जोडणी शेवटी मिळाली, पण सात महिने गेले. त्यातलं खरं काम, म्हणजे खांबावरून तार ओढणं आणि भिंतीला डबी बसवणं, दोन तासांत उरकलं. बाकी सगळा वेळ मी चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

एकाच घराला फायबर मिळत नाही त्याची कारणं माझ्या पाहण्यात चारच आहेत. तुमच्या घरापर्यंत कुणी जाळं आणलेलंच नाही. किंवा जाळं आलंय, पण पत्त्याच्या नोंदीत घोळ आहे. किंवा नोंद बरोबर आहे, पण शेवटच्या काही मीटरमध्ये अडथळा आहे. किंवा कुणाची तरी परवानगी अडली आहे. गोची अशी की चारही वेळा पडद्यावर तेच ‘उपलब्ध नाही’ दिसतं. म्हणून फोन फिरवण्याआधी आपलं कारण कोणतं, ते ओळखायचं.

१. आधी आपल्याकडे आत्ता काय आहे ते पाहा

‘फायबर आहे’ असं घरमालकाने किंवा एजंटने सांगितलं तर त्यावर विसंबू नका. रस्त्याच्या कडेच्या हिरव्या पेटीपर्यंत फायबर आणि तिथून घरापर्यंत जुनी तांब्याची तार, या प्रकाराला इथे वर्षानुवर्षं बिनदिक्कत ‘फायबर’ म्हणून विकलं गेलं. त्याचं नाव एफटीटीसी. त्यावर फार तर ८० एमबीपीएस मिळतात, आणि पेटी जितकी लांब तितका वेग कमी. फुल फायबर म्हणजे एफटीटीपी, यात काचेची तार थेट घरात येते. तिसरा प्रकार केबलचा. व्हर्जिन मीडियाच्या जुन्या जाळ्यात घरात जाड गोल कोॲक्स तार येते. वेग गिगाबिटपर्यंत मिळतो, पण ते फुल फायबर नव्हे.

सप्टेंबर २०२४ पासून ऑफकॉम या नियामक संस्थेचा नियम आहे की सेवा विकताना कंपनीने ती फुल फायबर आहे, पार्ट फायबर आहे, कॉपर आहे की केबल, हे स्पष्ट सांगायला हवं. जाहिरातीतला मोठा मजकूर सोडा, हा शब्द शोधा.

घरात भिंतीवर छोटी पांढरी डबी, तिला बारीक तार आणि वेगळा वीजपुरवठा दिसला, तर आधीच्या राहणाऱ्याने फायबर घेतलेलं असण्याची शक्यता मोठी. त्या डबीला ओएनटी म्हणतात. मग अडचण तारेची नाही, नोंदीची आहे. सरळ तिसऱ्या पायरीवर जा.

२. जाळं कुणाचं आणि विकतं कोण, हे वेगळं करा

नव्याने आलेल्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे उडतो. बीटी, स्काय, टॉकटॉक, व्होडाफोन ही दुकानं. तारा बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच. देशातलं सगळ्यात मोठं जाळं ओपनरीचचं. ती बीटी समूहातलीच, पण वेगळी ठेवलेली कंपनी. ती ग्राहकाला थेट काही विकत नाही. शिवाय सिटीफायबर, हायपरऑप्टिक, कम्युनिटी फायबर, गिगाक्लिअर अशी इतर जाळी आहेत. हल शहरात तर जुनं जाळं ओपनरीचचं नाहीच, ते केकॉमचं.

याचा व्यवहारातला अर्थ असा: एकाच जाळ्यावरच्या पाच दुकानांना फोन केलात तर पाचहीजण तीच यादी बघून तेच उत्तर देतील. मी चार फोन केले होते. चौथ्या वेळी पलीकडच्या मुलीनेच सांगितलं, ‘सर, आम्हा सगळ्यांना एकच स्क्रीन दिसते.’

म्हणून हे करा. वही घ्या (किंवा स्प्रेडशीट, ज्याची त्याची आवड) आणि तुमचं घर, दोन्ही बाजूंची दोन-दोन घरं आणि समोरची दोन, अशी सात घरं लिहा. प्रत्येक पत्ता तीन ठिकाणी तपासा: ऑफकॉमच्या उपलब्धता तपासणीत, ओपनरीचच्या फायबर तपासणीत, आणि बीटी होलसेलच्या ब्रॉडबँड तपासणीत. तिसरं पान दिसायला रुक्ष आहे, पण त्या पत्त्यावर नेमकं कोणतं तंत्रज्ञान मिळतं ते ओळीने दाखवतं. पत्रक दुसऱ्या जाळ्याचं असेल तर त्या जाळ्याच्या पानावरही पाहा. ऑफकॉमची माहिती कंपन्यांकडूनच गोळा होते, त्यामुळे ती थोडी मागे असू शकते. दोन ठिकाणी वेगळं दिसलं तर खुद्द जाळ्याच्या पानावर जास्त विश्वास ठेवा.

आता वहीकडे बघा. सातही घरांना नाही? मग जाळंच आलेलं नाही, पुढच्या चार पायऱ्यांनी फार काही हाती लागणार नाही, सातवीकडे जा. सहा घरांना आहे आणि तुम्हालाच नाही? नोंद किंवा अडथळा. रस्त्यावरच्या बंगल्यांना आहे आणि तुमच्या इमारतीतल्या एकाही फ्लॅटला नाही? जवळपास नक्कीच परवानगी. तुमचा पत्ता यादीत दिसतच नाही? मग डोळे झाकून नोंद.

३. पत्त्याची कुंडली मांडा

भारतातून आलेल्या माणसाला पत्ता म्हणजे पोस्टमनला कळेल असं वर्णन वाटतं: अमुक मंदिराच्या मागे, तमुक दुकानासमोर. इथे पत्ता म्हणजे एक क्रमांक. प्रत्येक मालमत्तेला यूपीआरएन नावाचा जास्तीत जास्त बारा अंकी क्रमांक असतो आणि तो स्थानिक कौन्सिल देते. रॉयल मेलची पत्त्यांची फाइल वेगळी असते, तिला पीएएफ म्हणतात. आणि जाळं बांधणाऱ्या कंपनीची स्वतःची यादी तिसरी. या तिन्ही याद्या जुळल्या तर तुम्हाला काही कळतही नाही. एक जरी फटकून वागली तर घर ‘उपलब्ध नाही’मध्ये जातं.

घोळ साधारण असे असतात:

घराला नाव आणि नंबर दोन्ही आहेत, आणि एका यादीत नाव, दुसरीत नंबर.

जुन्या मोठ्या घराचे फ्लॅट केलेत. कौन्सिलकडे ‘फ्लॅट १’, जाळ्याकडे ‘ग्राउंड फ्लोअर फ्लॅट’, विजेच्या बिलावर ‘१६ए’. त्यात सगळ्या फ्लॅटची टपाल एकाच दारातून येत असेल, तर रॉयल मेलच्या मुख्य फाइलमध्ये ती इमारत एकच घर म्हणून असू शकते.

स्कॉटलंडमध्ये आणखी मजा. ग्लासगोत फ्लॅटचा नंबर ‘२/१’ असा लिहितात, एडिनबरात ‘२एफ१’. दोन्ही लिहिण्याच्या पद्धती एकाच इमारतीसाठी वापरलेल्याही दिसतात.

नवं बांधकाम अजून प्लॉट नंबरने नोंदलेलं आहे.

दुकानाचं घर झालंय, पण नोंदीत अजून दुकानच आहे. मागच्या अंगणातल्या जोडघराला स्वतंत्र क्रमांकच नाही. कोपऱ्यावरच्या घराचा पत्ता एका रस्त्याचा, आणि तार येते दुसऱ्या रस्त्याने.

आमचं काय झालं होतं सांगतो. आधीच्या मालकाच्या आधी कधीतरी या घराचे दोन फ्लॅट होते. नंतर भिंत पाडून पुन्हा एक घर केलं. कौन्सिलने जुने क्रमांक रद्द करून नवा दिला. पण जाळ्याच्या यादीत आम्ही अजून ‘फ्लॅट ए’ आणि ‘फ्लॅट बी’च होतो. दोन फ्लॅट म्हणजे अनेक घरांच्या इमारतींचा गट, आणि त्या गटात इमारतीच्या मालकाची लेखी परवानगी आल्याशिवाय काम सुरू होत नाही. सात महिने ते ज्या मालकाच्या परवानगीची वाट बघत होते तो मीच. काखेत कळसा म्हणतात तो हा.

तुम्ही करायचं ते असं. जिओप्लेसच्या ‘फाइंड माय ॲड्रेस’ या पानावर तुमचा यूपीआरएन शोधा. रॉयल मेलच्या पोस्टकोड शोधात तुमचा पत्ता कसा लिहिलाय ते जसंच्या तसं उतरवून घ्या, स्वल्पविरामासकट. मग दुकानाच्या किंवा जाळ्याच्या यादीत तो कसा दिसतो ते शेजारी लिहा. फरक सापडला की अर्धं काम झालं. चूक कौन्सिलच्या नोंदीत असेल तर त्यांच्या ‘स्ट्रीट नेमिंग अँड नंबरिंग’ विभागाला लिहा, पीएएफमध्ये असेल तर रॉयल मेलला. पण रॉयल मेल स्वतःहून नवा पत्ता तयार करत नाही, तो कौन्सिलकडून यावा लागतो. म्हणून शंका असेल तर सुरुवात कौन्सिलपासून.

सापळा: ‘शेजारच्या नंबरवर ऑर्डर टाकतो, इंजिनिअर आला की तुमच्याकडे वळवा’, असं सुचवणारा विक्रेता भेटतोच. मलाही भेटला. चुकूनही हो म्हणू नका. शेजाऱ्याची चालू सेवा हलू शकते, आणि इंटरनेटवरच्या फोनवरून ९९९ (इथला आपत्कालीन क्रमांक) लावलात तर नोंदीत पत्ता शेजाऱ्याचा जातो.

४. बाहेर जाऊन मान वर करा, मग खाली घाला

ही पायरी लोक टाळतात, आणि फुकट आहे.

तुमची जुनी फोनची तार कुठून येते ते बघा. खांबावरून येत असेल तर खांबाच्या वरच्या भागात काळी, चपटी पेटी आणि तिच्यातून निघालेल्या बारीक तारा दिसतात का? ती फायबरची वाटणीपेटी. तिला ठरावीक जागा असतात आणि त्या भरल्या की पुढच्या घराला थांबावं लागतं. खांबावर लाल ‘डी’ची पाटी असेल तर तो खांब चढायला धोकादायक ठरवलेला आहे, आणि तो बदलेपर्यंत त्यावरून नवी जोडणी अडू शकते. आमच्याच भागात एका ओळखीच्यांचं घोडं तिथे अडलं होतं. खांब बदलला, आठवडाभरात यादीत नाव आलं. खांब आणि घर यांच्यात वाढलेलं झाड, वरून जाणारी विजेची तार, हेही टिपा.

तार जमिनीखालून येत असेल तर प्रश्न अवघड. साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या बऱ्याच वसाहतींमध्ये तांब्याची तार नळीत न घालता सरळ मातीत पुरलेली आहे. नळीच नाही, त्यामुळे जुनी तार काढून तिच्या जागी फायबर ओढता येत नाही, खणावंच लागतं. शेजाऱ्याचं घर नंतर वाढवलं असेल आणि तेव्हा नळी टाकली असेल, तर त्याला मिळतं आणि तुम्हाला नाही. यात कुणाची लबाडी नाही, पण कंपनी असं काम यादीत खाली ढकलते. तुमच्या आवारात तुम्हीच नळी टाकायची तयारी दाखवलीत तर कधी कधी गाडी पुढे सरकते. पण कुठली नळी, किती खोल, हे आधी त्यांच्याकडून लेखी घ्या.

फोटो काढा: खांब, त्यावरच्या पाटीचा क्रमांक, पदपथावरची लोखंडी झाकणं, घराच्या भिंतीत तार शिरते ती जागा. झाकण मात्र उघडायचं नाही आणि खांबाला शिडी लावायची नाही.

५. परवानगी कुणाची हवी?

भाड्याचं घर असेल तर भिंतीला भोक पाडायला घरमालकाची लेखी संमती. ईमेल पुरेसा असतो. पण त्याने ‘उपलब्ध नाही’ बदलत नाही, ते इंजिनिअर यायच्या दिवशी कामी येतं.

फ्लॅट असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही फ्लॅट विकत घेतला असला तरी बहुतेक वेळा तुम्ही लीजहोल्डर, म्हणजे ठरावीक मुदतीचे हक्कदार, असता. जिने, गच्ची, बाहेरच्या भिंती फ्रीहोल्डरच्या, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाच्या. जाळेवाल्याला त्याच्याशी वेलीव्ह नावाचा करार करावा लागतो. तो करार होत नाही तोवर तुमचा फ्लॅट यादीत ‘नाही’च राहतो. बहुतेक वेळा फ्रीहोल्डरचा विरोध नसतो, पत्रच कुणी उघडलेलं नसतं. २०२१ च्या टेलिकम्युनिकेशन्स इन्फ्रास्ट्रक्चर (लीजहोल्ड प्रॉपर्टी) कायद्याने, मालक उत्तरच देत नसेल तर जाळं बांधणाऱ्या कंपनीला अधिकार मिळवण्याचा मार्ग दिला आहे. पण ती पायरी कंपनीने उचलायची असते, रहिवाशाने नाही. आणि त्या कायद्यातही कुणीतरी राहणाऱ्याने सेवा मागितलेली असावी लागते. म्हणून इमारतीतली तीन-चार घरं मिळून मॅनेजिंग एजंटला (मालकाच्या वतीने इमारत सांभाळणाऱ्याला) एकच पत्र लिहा: ‘आम्हाला ही सेवा हवी आहे, वेलीव्हची विनंती आली आहे का आणि ती कुणाच्या टेबलावर आहे?’ एकट्याच्या पत्राला केराची टोपली असते, चार सह्यांच्या पत्राला फाइल मिळते.

खासगी रस्ता असेल तर तिथेही तीच कथा, फक्त मालक जास्त.

नव्या बांधकामांचा नियम सोपा आहे. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२२ पासून नव्या घरांना गिगाबिट जोडणीची सोय करणं बिल्डरवर बंधनकारक आहे, घरामागे २,००० पौंडांच्या खर्चमर्यादेत. त्याआधी कागदपत्रं दाखल केलेल्या काही प्रकल्पांना सूट होती. बिल्डरने एकाच जाळ्याशी करार केलेला असतो असंही दिसतं, तेव्हा कोणतं जाळं ते विक्री कार्यालयात विचारा.

६. आता लिहा, आणि योग्य क्रमाने लिहा

हाताशी ठेवा:
– यूपीआरएन आणि तिन्ही याद्यांतला पत्ता, शेजारी शेजारी
– सात घरांचा तक्ता, तपासल्याच्या तारखेसह स्क्रीनशॉट
– बाहेरचे फोटो आणि खांबाचा क्रमांक
– कौन्सिल टॅक्सचं बिल किंवा भाडेकरार
– जुना लँडलाइन नंबर असेल तर तो
– फ्लॅट असेल तर फ्रीहोल्डर आणि एजंटचं नाव

पहिलं पत्र जाळ्याला. ओपनरीच तुम्हाला सेवा विकत नसली तरी पत्ता सापडत नाही किंवा चुकीचा आहे हे कळवायची सोय तिच्या संकेतस्थळावर आहे, इतर जाळ्यांकडेही असते. मजकूर लांबवू नका. माझं पहिलं पत्र दीड पानांचं होतं, त्यात रागच जास्त होता, त्याला छापील उत्तर आलं. जे पत्र चाललं ते एवढंच: ‘माझ्या घराचा यूपीआरएन अमुक. तुमच्या यादीत हे घर फ्लॅट ए आणि बी असं दोनदा आहे. ते आता एकच घर आहे, कौन्सिलचं पत्र जोडलं आहे. दोन्ही बाजूच्या घरांना त्याच खांबावरून सेवा आहे, फोटो जोडला आहे. नोंद दुरुस्त करून पुन्हा तपासणी करावी.’ ‘मला फायबर का नाही?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘आमच्या योजनेत नाही’ असं देऊन हात झटकता येतात.

संदर्भ क्रमांक मागा. दोन आठवड्यांनी त्याच क्रमांकावर विचारा, नवं पत्र लिहू नका. नवं पत्र म्हणजे नवी रांग.

त्यानंतर दुकान. ज्याच्याकडून सेवा घ्यायची इच्छा आहे त्याला सांगा की ऑर्डर द्यायला तयार आहे, पत्त्याची तपासणी जाळ्याकडे पाठवा. त्यांना ग्राहक हवा असतो, त्यामुळे आतून विचारणा करायचा रस्ता त्यांच्याकडे असतो. पहिल्या फोनवरच्या माणसाकडे तो नसतो, हे धरून चाला.

सापळा: ऑफकॉम तुमची वैयक्तिक तक्रार सोडवत नाही. तुमच्या सेवा कंपनीने तक्रार मुदतीत निकाली काढली नाही तर मोफत लवाद आहे, पण तो कंपनीच्या वागणुकीबद्दल. ‘माझ्या गल्लीत तार टाका’ असा आदेश तिथून मिळत नाही.

एवढं करून हललं नाही तर स्थानिक कौन्सिलर किंवा खासदार. आपल्याकडची सवय म्हणून हे मोठं वाटतं, पण इथे खासदाराला ईमेल करणं अगदी रोजचं आहे, मतदार म्हणून नाव नसलं तरी तुम्ही त्या मतदारसंघात राहता एवढं पुरतं.

७. तोवर काय?

तांब्याच्या जोडणीचा २४ महिन्यांचा करार सही करू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. करावाच लागला तर मध्येच त्याच कंपनीच्या फुल फायबरवर दंडाशिवाय जाता येईल का, ते लेखी घ्या.

खिडकीत ४जी किंवा ५जीचा राउटर ठेवून वेग पाहा, बऱ्याच शहरी भागांत एफटीटीसीपेक्षा बरा निघतो. महिन्याच्या करारावर मिळाला तर उत्तम.

कुठूनच १० एमबीपीएस डाउनलोड आणि १ एमबीपीएस अपलोड मिळत नसेल, तर मार्च २०२० पासून लागू असलेल्या युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशनखाली बीटीकडे (हलमध्ये केकॉमकडे) मागणी करता येते. जोडणीचा खर्च ३,४०० पौंडांपर्यंत असेल तर तो ग्राहकावर पडत नाही, वरचा द्यावा लागतो. मात्र ही गरज ४जीवरूनही भागवता येते, त्यामुळे यातून फुल फायबरच मिळेल असं धरू नका. एफटीटीसी चालू असलेल्या घरांना याचा बहुधा उपयोग नाही.

८. ‘उपलब्ध’ दिसलं की

त्याच दिवशी ऑर्डर द्या, वाटणीपेटीतली जागा दुसऱ्याला जायच्या आत. ओएनटी कुठे बसवायची ते आधी ठरवा: जवळ विजेचं सॉकेट हवं आणि राउटर शक्यतो घराच्या मध्याकडे. इंजिनिअर सगळ्यात सोपी भिंत सुचवेल, तुमची सोय तुम्ही सांगा.

जुनी सेवा बंद करायला वेगळा फोन करू नका. सप्टेंबर २०२४ पासून वन टच स्विच आहे, नवी कंपनीच जुनीला कळवते. आधीच बंद केलीत तर मधले दिवस कोरडे जातात आणि लँडलाइन नंबरही हातचा जाऊ शकतो.

घरात वयस्कर माणसाच्या गळ्यातलं आपत्कालीन बटण किंवा चोरघंटा फोनच्या तारेवर चालत असेल, तर ऑर्डर देतानाच सांगा. फायबरवरचा फोन वीज गेली की बंद पडतो, आणि अशा घरांसाठी कंपनीला पर्यायी सोय द्यावी लागते. जुनं तांब्याचं टेलिफोन जाळं जानेवारी २०२७ अखेर बंद व्हायचं आहे, तेव्हा हे बटण नव्या जोडणीवर चालतं का, ते इंजिनिअर घरात असतानाच दाबून बघा.